राणीची शुगर

"ताई, राणीले शुगर निघाली."

भाभी एवढंच बोलल्या आणि दोन्ही वॉल कंपाउंडांवरून तीन डोकी वर आली. एक माझं, एक काकूंचं आणि तिसरं काकाजींचं. शुगर म्हटलं की काकाजी आंघोळ अर्धी टाकून येतील. रेल्वेतून रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, शुगर त्याच्याही आधीची. गल्लीत कोणाला शुगर निघाली तर पहिला सल्ला आपला, असं ते धरून चालतात. पण राणी म्हणजे भाभींची कुत्री. त्यामुळे ते क्षणभर गप्प झाले, हे आमच्या गल्लीच्या इतिहासात नोंदवायला हवं.

"कुत्रीले?" काकू म्हणाल्या.

"मंग काय तं. तीनशे ऐंशी."

राणी पांढरीशुभ्र, केसाळ, टोकदार तोंडाची. गल्ली तिला पामेरियन म्हणते. आपल्याकडे पामेरियन म्हणून घरोघर असते ती बहुतेक इंडियन स्पिट्झ. वय आठच्या पुढे. स्वभाव असा की पोस्टमनवर भुंकते आणि चोराला शेपटी हलवेल.

लक्षणं खरं तर मे महिन्यापासून होती. पण गोंदियाचा मे. पारा पंचेचाळिसाला टेकलेला, नवतपा लागलेला, माणसंच माठाला तोंड लावून बसलेली. तिथे एक कुत्री दिवसाला दोन गंज पाणी पिते याचं कोणाला काय वाटणार? "ऊन आहे, पिऊन राहिली असन," असं भाभी म्हणाल्या आणि आम्हीही माना डोलावल्या. मग ती हॉलमध्ये मुतायला लागली. आठ वर्षांत कधी केलं नाही ते. भाभींनी तिला चपलेनं दोन ठेवून दिल्या, त्याचं त्यांना आता फार वाईट वाटतं. खाणं तर वाढलेलं. पण केस एवढे की आतली फासळी कोणाला दिसली नाही. दिसली ती आंघोळ घालताना, केस भिजून अंगाला चिकटले तेव्हा.

पाऊस आला, धानाचे पऱ्हे टाकून झाले, रोवणी लागली, हवा गार झाली, तरी राणीचं पाणी कमी होईना. आणि वऱ्हांड्यात ती जिथे बसली तिथे मुंग्यांची रांग. ती रांग पाहिली काकूंनी. "आमच्या ह्यांच्या वेळेसही संडासात अशाच मुंग्या होत्या," त्या म्हणाल्या, आणि काकाजींनी त्यांच्याकडे असं पाहिलं की घरची गोष्ट चव्हाट्यावर मांडली.

डॉक्टरांनी रक्त तपासलं, लघवी तपासली आणि भाभींना नीट समजावून सांगितलं. कुत्र्याच्या रक्तातली साखर साधारण ८० ते १२० असते. ती १८० ते २२० च्या वर गेली की मूत्रपिंडाला आवरत नाही, साखर लघवीत उतरते, आणि जाताना पाणी ओढून नेते. म्हणून लघवी जास्त, म्हणून तहान जास्त. पेशींना मात्र साखर मिळतच नाही, त्यामुळे शरीर स्वतःचंच मांस आणि चरबी जाळतं. खाऊनखाऊन वाळणं म्हणतात ते हे.

"काऊन झालं पण? गोड तं मी तिले देतच नाई," भाभी म्हणाल्या.

या वाक्यावर मी गप्प बसले. काकू गप्प बसल्या. काकाजींनी पेपर उघडला. कारण प्रत्येकाला आपापलं माहीत होतं. त्यावर पुढे येते.

गोडानं कुत्र्याला डायबेटिस होतो असं सरळ म्हणता येत नाही. कुत्र्यांत बहुतेक वेळा स्वादुपिंडातल्या इन्सुलिन करणाऱ्या पेशीच नष्ट झालेल्या असतात. आणि न ऑपरेशन झालेल्या मादीचं आणखी एक आहे. हीट येऊन गेली की पुढचे दोनेक महिने प्रोजेस्टेरॉन चढलेलं राहतं, त्यातून वाढीचं संप्रेरक सुटतं आणि ते इन्सुलिनला कामच करू देत नाही. राणीची हीट मार्चमध्ये होऊन गेलेली. डॉक्टर म्हणाले, साखर जरा आटोक्यात आली की गर्भाशय काढून टाका, नाहीतर दर हीटला डोस चुकत राहील. अशा काही कुत्र्यांची साखर लवकर ऑपरेशन केलं तर मागेही फिरते, पण त्याची खात्री नाही. भाभींच्या सासूबाईंनी पाच वर्षांपूर्वी "पाप लागते" म्हणून हेच ऑपरेशन होऊ दिलं नव्हतं. मी सासूबाईंसमोर बोलणार नाही, पण इथे बोलते: पाप-पुण्याचा हिशेब त्यांनी राणीच्या खात्यावर टाकला आणि सुया आता भाभी टोचून राहिल्या आहेत.

इंजेक्शन म्हटल्यावर काकाजींचा पेपर खाली आला.

"इंजेक्शन कायले? माह्या गोळ्या घ्या. अर्धी गोळी भाकरीत."

इथे मी भिंतीवरून हात आडवा केला. सुई लागायच्या आधी ज्या गोळ्यांवर काकाजींनी आयुष्य काढलं, त्या गोळ्यांना स्वादुपिंडात थोडंतरी इन्सुलिन शिल्लक लागतं. राणीकडे ते नसल्यासारखंच. तिला दिवसातून दोनदा, बारा-बारा तासांनी, जेवणाबरोबर इन्सुलिन, आणि तेही बहुधा जन्मभर. कारल्याचा रस, जांभळाच्या बियांची पावडर, गुडमारचा पाला, हे सगळं त्या आठवड्यात भिंतीवरून येऊन गेलं. पाला तर कोणीतरी थेट नवेगावबांधच्या जंगलातून आणून दिला. भाभींनी घेतला, आभार मानले आणि शेळीला घातला.

"पण माणसाचं औषध कुत्रीले?" काकाजींना हे काही केल्या पचेना. आपल्या फ्रीजमधली वस्तू कुत्रीच्या फ्रीजमध्ये, हा त्यांना थोडा अपमान वाटला असावा.

मग मला बोलावंच लागलं. म्हटलं, काकाजी, उलट आहे. १८८९ मध्ये स्ट्रासबर्गला मिन्कोव्स्की आणि फॉन मेरिंग या दोघांनी एका कुत्र्याचं स्वादुपिंड काढलं आणि त्या कुत्र्याला डायबेटिस झाला. शुगरचं मूळ पोटातल्या या अवयवात आहे हे जगाला त्यातून कळलं. १९२१ च्या उन्हाळ्यात टोरोंटोला बॅन्टिंग आणि बेस्ट यांनी कुत्र्यांवरच प्रयोग केले. मार्जोरी नावाच्या कुत्रीचं स्वादुपिंड काढलेलं होतं, तिला त्यांनी त्या अर्कावर जवळजवळ ७० दिवस जगवलं. त्यानंतर ११ जानेवारी १९२२ ला लिओनार्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलाला पहिली सुई मिळाली. पेटंट त्यांनी विद्यापीठाला एकेका डॉलरला विकलं. आणि कुत्र्याचं इन्सुलिन डुकराच्या इन्सुलिनसारखं तंतोतंत असतं, आपल्यापेक्षा फक्त एका अमिनो आम्लाचा फरक. तेव्हा राणी तुमचं औषध घेत नाही, तुम्ही तिच्या मावशीचं घेऊन राहिले.

"एका डॉलरले?" काकाजींनी नेमकं तेवढंच ऐकलं. "मंग मेडिकलवाला मले एवढ्याले काऊन देते?"

सुईपेक्षा जास्त घोळ सिरिंजचा झाला, आणि हा घोळ प्रत्येक घरात होऊ शकतो म्हणून जरा सविस्तर सांगते. आपल्याकडे इन्सुलिन दोन ताकदींत मिळतं. बाटलीतलं बहुतेक एका मिलिलिटरला ४० युनिट, पेनमधल्या कार्ट्रिजचं १०० युनिट. सिरिंजही दोन: लाल टोपीची ४० ची, नारिंगी टोपीची १०० ची. राणीचा डोस चार युनिट, बाटली ४० ची, सिरिंज लाल टोपीची. एका रविवारी बाटली संपली आणि दुकान बंद. काकाजी मोठ्या मनानं आपलं पेनचं कार्ट्रिज घेऊन आले. "त्यातूनच ओढा चार युनिट."

लाल टोपीच्या सिरिंजनं १०० च्या कार्ट्रिजमधून चारच्या रेघेपर्यंत ओढलं की आत दहा युनिट जातात. अडीचपट. सात-आठ किलोच्या जिवाला. उलट केलं, म्हणजे ४० ची बाटली आणि नारिंगी टोपी, तर चारच्या रेघेला अवघं १.६ युनिट जातं आणि साखर वरच राहते. त्यातून काकाजींचं इन्सुलिन वेगळ्या जातीचं, उतरण्याची वेळ वेगळी. भाभींनी सुदैवानं आधी डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर म्हणाले, एक सुई राहिली तर राहू द्या, पण ते नका देऊ. हे वाक्य भाभींनी फ्रीजवर चिकटवून ठेवलं आहे. एखाद्या वेळी सुई बुजली, औषध केसांवर सांडलं, आत गेलं की नाही कळलं नाही, तरी पुन्हा टोचायचं नाही. कमी पडलेलं निस्तरता येतं, जास्त गेलेलं बाहेर काढता येत नाही.

टोचणं मात्र लोकांना वाटतं तेवढं अवघड नाही. राणी जेवत असते, मानेमागची किंवा कुशीची सैल कातडी चिमटीत धरायची, तंबूसारखी वर उचलायची आणि तिच्या बुडाशी सुई. रोज जागा बदलायची. पहिल्या दिवशी भाभी रडल्या, त्यांचे यजमान, म्हणजे भाऊ, बाहेर जाऊन उभे राहिले, आणि राणीनं मान वर करून पाहिलंही नाही. वाटीत अंडं होतं.

वाटीचं सांगते. गोंदिया म्हणजे राईस मिलांचं गाव, इथे माणूस, कुत्रं, मांजर, कावळा सगळे भातावर. काकाजींचं मत, भात एकदम बंद. डॉक्टरांचं मत वेगळं: काय देता त्यापेक्षा रोज तेच, तेवढंच आणि त्याच वेळी देता का, ते जास्त महत्त्वाचं. म्हणून भाभींनी स्टीलची एक वाटी ठरवली. त्यात चिकन किंवा अंडं, उकडलेला दुधी नाहीतर भोपळा, आणि मोजून थोडा भात. आज पोळी, उद्या खिचडी, परवा उरलेली कढी, हे बंद. इन्सुलिनचा डोस जेवणाच्या मापानं ठरलेला असतो, जेवण रोज बदललं तर डोस कुठे बसणार?

आणि इथेच गल्ली आडवी आली.

राणीच्या वाटीवर भाभींचा ताबा होता, पण राणी एका घरची कुत्री कधीच नव्हती. सकाळी दूधवाला कॅनच्या झाकणातली साय चाटू देतो. किराणावाल्याकडे फुटलेल्या पुड्याची बिस्किटं. समोरच्या आजीकडे रात्रीचा फोडणीचा भात. गुरुवारी गजानन महाराजांच्या आरतीनंतर शिरा, त्यात तर पोरं द्रोणच पुढे करतात. माझ्याकडे, लपवण्यात अर्थ नाही, पोह्यांचं पातेलं पुसायला तीच यायची. आणि संध्याकाळी काकाजी. काकूंनी काकाजींची बिस्किटं बंद केली तेव्हापासून ते राणीच्या नावानं पुडा आणायचे. एक तिला, दोन स्वतःला. काकूंना हे माहीत होतं, राणीला माहीत होतं, फक्त भाभींना माहीत नव्हतं.

डॉक्टरांनी पहिल्या पंधरवड्यात डोस दोनदा वाढवला. तरी दुपारी साखर साडेतीनशे. कानाच्या कडेला टोचून भाभी काकाजींच्याच मीटरवर बघायच्या. माणसांचं मीटर कुत्र्यात सहसा थोडं कमीच दाखवतं, म्हणजे खरा आकडा आणखी वर. डॉक्टर विचारात पडले. नागपूरला सेमिनरी हिल्सच्या व्हेटरनरी कॉलेजात नेऊन सोनोग्राफी करू म्हणाले. तिकडे न्यायचं म्हणजे गाडी करूनच, कारण रेल्वेत कुत्र्याला एकतर एसी फर्स्टचा अख्खा कुपे नाहीतर गार्डाच्या डब्यातली पेटी. भाभींनी गाडी ठरवलीही. जायच्या आदल्या दिवशी डॉक्टरांनी सहज विचारलं, "दिवसभर बांधलेली असते की फिरते?"

"फिरते न जी. गल्लीतच असते."

"मग दोन दिवस बांधून ठेवा."

दोन दिवस राणी बांधलेली राहिली. साखर दोनशेच्या आसपास आली. वाढवलेला डोस डॉक्टरांनी लगेच खाली आणला, आणि ते बरं झालं, नाहीतर तोच डोस अंगावर आला असता. नागपूरची गाडी रद्द.

भाभी दारोदार गेल्या. मी बरोबर होते, म्हणून सांगते, मतं मागायला येणाऱ्यांनाही एवढं ऐकून घ्यावं लागत नसेल. "मुक्या जिवाले उपाशी ठेवता?" हे आजी. "एका बिस्किटानं काय होते?" हे किराणावाले. शेवटी भाऊंनी पुठ्ठ्याची पाटी करून राणीच्या गळ्यात घातली. एका बाजूनं मराठी, दुसऱ्या बाजूनं हिंदी, कारण आमची गल्ली दोन्हींत भांडते: मला शुगर आहे, खायला देऊ नका. लोक पाटी वाचायचे, अरेरे म्हणायचे, आणि अरेरे म्हणून एक बिस्किट द्यायचे.

डोस डॉक्टर ठरवतात, हे पुस्तकातलं झालं. आमच्याकडे साखर गल्ली ठरवते. ज्या घरातलं कुत्रं गल्लीचं असतं, तिथे पहिला इलाज भिंतीवरून बोलण्याचा, हे मला त्या पंधरवड्यात पटलं. मग भाभी पाटी काढून टाकून आजींकडे रोज सकाळी राणीचा आकडा सांगायला जायला लागल्या. "आज दोनशे चाळीस, आजी." आजींना आकड्याची गोडी लागली. आता कोणी राणीला काही देताना दिसलं की आजीच काठी आपटतात.

काकाजींनी मात्र पळवाट काढली: शुगर फ्री. ही पळवाट बिस्किटापेक्षा वाईट. काही शुगर फ्री च्युइंगममध्ये, गोळ्यांमध्ये, टूथपेस्टमध्येही झायलिटॉल असतं. माणसाला ते चालतं. कुत्र्याच्या पोटात गेलं की एकदम इन्सुलिन सुटतं, साखर कोसळते, यकृतही जाऊ शकतं, आणि हे धडधाकट कुत्र्यालाही होतं. मी पाकिटावरची बारीक अक्षरं वाचून दाखवली तेव्हा काकाजी पहिल्यांदा घाबरलेले दिसले. त्या पाकिटात ते नव्हतं, पण पाकीट नाल्यात गेलं.

काकाजींबद्दल एवढं बोलले, तर त्यांच्या बाजूचंही सांगायला हवं. एका संध्याकाळी राणीनं अर्धी वाटी खाल्ली, सुई पूर्ण गेली, आणि नंतर तिनं खाल्लेलं ओकून टाकलं. दहाच्या सुमारास लाईट गेलेली, भाभी अंगणात वारा घेत बसलेल्या, राणी तोल जात चालत होती. भाभींना वाटलं अंधारात अडखळली. पलीकडून टॉर्च मारत काकाजी ओरडले, "भाभी, तिले लो होऊन राहिलं! पाय पाहा, थरथरून राहिले. मले असंच होते!" काकूंनी मधाची बाटली भिंतीवरून फेकलीच. भाभींनी बोटानं मध हिरड्यांना चोळला. घशात ओतायचा नसतो, ठसका लागून श्वासनळीत जातो. थोड्या वेळानं राणी उठून बसली. मग खाणं, मग डॉक्टरांना फोन. पूर्ण खाल्ल्याशिवाय पूर्ण डोस नाही, खाल्लं नाही तर आधी विचारायचं, हे त्या रात्रीनंतर पक्कं झालं. उलट्या, जेवणावर वासना नाही, तोंडाला नेलपॉलिश पुसायच्या औषधासारखा वास, असं झालं तर मात्र घरी मध-बिध करत न बसता थेट दवाखाना.

लाईटीचं निघालंच म्हणून सांगते. बाटली फ्रीजमध्ये दोन ते आठ डिग्रीत, बर्फाच्या खणापासून दूर. गोठलेलं इन्सुलिन फेकून द्यायचं. दोन-चार तास लाईट गेली तर काही बिघडत नाही. काकाजींचा पुढच्या मेचा बेत तयार आहे: मातीच्या दोन मडक्यांमध्ये ओली वाळू, आत डबीत बाटली. मी हसले होते, पण जिनिव्हा विद्यापीठ आणि डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स यांनी २०२१ मध्ये दाखवलं आहे की २५ ते ३७ डिग्रीत वरखाली होत राहिलेलं इन्सुलिनही चार आठवडे काम देतं. आपला मे त्याच्याही वर जातो, तिथे मडकं हवंच. वापरलेल्या सुया घंटागाडीत नाही टाकायच्या, कचरा वेचणाऱ्याच्या हातात जातात. जाड प्लास्टिकच्या बरणीत भरून भाभी त्या दवाखान्यात नेऊन देतात.

डोळ्यांचं तेवढं राहिलं आहे. राणीच्या बुबुळांवर निळसर पांढरी झाक दिसायला लागली आहे. डायबेटिस झालेल्या निम्म्या कुत्र्यांना पाच-सहा महिन्यांतच मोतीबिंदू होतो, साखर बऱ्यापैकी सांभाळली तरी. ऑपरेशन होतं, पण मोठ्या शहरात, आणि साखर स्थिर असली तर. भाभी म्हणतात तेव्हाचं तेव्हा पाहू. सध्या घरातला सोफा कोणी हलवायचा नाही, पाण्याचा गंज जागचा हलवायचा नाही. बाकी राणीचं नाक शाबूत आहे.

आता पोळा आला. तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन पोरं दारोदार फिरणार, हातात करंज्या, आणि त्याच दिवशी भाभींना आमगावला माहेरी जायचं आहे. सात ते सात या घड्याळापायी त्यांनी दोन लग्नं बुडवली. दिवाळीनंतरच्या मंडईत, म्हणजे आमच्याकडच्या जत्रेत, रात्रभर दंडारीचा खेळ पाहायचा तोही यंदा सोडणार म्हणतात. मी म्हटलं, दंडार नका सोडू, एक सुई मी देते. मिठाचं पाणी भरून संत्र्यावर माझा सराव चालू आहे. पण काकाजींनी अर्ज आधीच टाकला होता.

"माही सुई सातले, तिचीही सातले. दोघांचंही एकदम उरकते."

भाभींनी अट घातली: फ्रीजमध्ये दोन वेगळे डबे, दोन वेगळ्या सिरिंजा, आणि डब्यांवर नाव. एका डब्यावर भाभींनी मार्करनं लिहिलं, राणी. दुसऱ्यावर काकूंनी लिहिलं, माणूस.

"आणि बिस्किटं?" भाभींनी विचारलं.

"आनतच नाई मी आता," काकाजी म्हणाले.

"शिलाई मशीनच्या खणात आहेत," काकू म्हणाल्या. "जातानी घेऊन जाजो."